सीलबंद पाणी

१

पाण्याला रंग चढेना, तेव्हा अहल्याने आधी चष्मा पुसला.

चष्म्याचा दोष नव्हता. क्रोमियमचं विष असलं की तपासणीचं औषध पडताच पाणी जांभळं होतं. गंगम्मा गल्लीच्या बोअरचं पाणी तिने गेल्या महिन्यात स्वतः तपासलं होतं आणि ते पिकल्या जांभळासारखं झालं होतं. आज त्याच बोअरचं पाणी काचेच्या नळीत निर्मळ उभं होतं, जणू आपण त्या गावचेच नाही.

औषध शिळं झालं असेल, म्हणून तिने गेल्या महिन्याच्या ठेवणीतल्या पाण्यावर तेच औषध टाकलं. ते तत्काळ जांभळं झालं. म्हणजे औषधही चोख होतं. खोट होती ती नव्या बाटलीत.

अहल्या खुर्चीत बसली. जे. पी. नगरातल्या त्या छोट्या खाजगी प्रयोगशाळेत तिचं उभं आयुष्य गेलं होतं. निवृत्ती तोंडावर आली होती आणि गुडघ्यांनी तर आधीच राजीनामा दिला होता. इतक्या लोकांचं इतक्या तऱ्हेचं पाणी तपासून झालं होतं, की हल्ली तिला तहानच लागेनाशी झाली होती.

पण हे प्रकरण टाळता येण्यासारखं नव्हतं. गंगम्मा गल्ली पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना खेटून होती. तिथल्या मालनबाईंनी तक्रार केली, अहल्याच्या तपासणीत विष निघालं आणि बोअरला कुलूप लागलं. गल्लीने बोट दाखवलं ते मागच्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूला क्रोमचा मुलामा देणाऱ्या, कारखान्याकडे. सरकारी अधिकाऱ्याने सांगितलं, दोन्ही बाजूंच्या समोर पुन्हा पाणी घ्या, विषारी क्रोमियम आहे की नाही तेवढं सांगा. असेल तर ते कुठून येतं हे शोधायला आम्ही सगळी गल्ली खणू. तो निकाल सोमवारी द्यायचा होता. विष नाही असा निकाल गेला, तर त्याच दिवशी कुलूप निघणार आणि अख्खी गल्ली पुन्हा ते पाणी पिणार.

तिने बाटलीचं लाखेचं सील पुन्हा न्याहाळलं. सकाळी तिनेच ते फोडलं होतं. फोडण्याआधी ते अखंड होतं, वरच्या कापडावर सगळ्यांच्या सह्या जशाच्या तशा होत्या.

"रघुनंदन," तिने हाक मारली, "इकडे ये आणि आधी दार लाव."

२

पाण्याचे नमुने आणायचं काम रघुनंदनचं. गुणी मुलगा, मात्र आज त्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा स्पष्ट दिसत होता.

"मॅडम, मी काही केलं नाही."

"मी अजून काही विचारलंही नाही."

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. परवा पाणी घेऊन निघाला तो ट्रॅफिकमध्ये अडकला. प्रयोगशाळा बंद झाली असणार म्हणून बाटली घेऊन सरळ कोरमंगलाच्या आपल्या पीजीवर गेला. रात्रभर बाटली तिथल्या फ्रिजमध्ये, इतरांच्या दह्याच्या डब्यांशेजारी.

"सील तर तसंच होतं ना, मॅडम?"

"सील उतरवून तसंच परत लावणारे लोक मी पाहिलेत. सोमवारी सगळे हेच म्हणतील, की पोराने बाटली बदलली. तू विकला गेलास असं म्हणतील."

रघुनंदनचे डोळे भरून आले. अहल्याला त्याची दया आली आणि रागही. नियम मोडणारी माणसं बहुधा दुष्ट नसतात, दमलेली असतात. हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

"मी पाणी घ्यायला स्वतः जायला हवं होतं," ती पुटपुटली. "गुडघ्यांचं ऐकलं, ते चुकलं."

त्याला बाहेर पाठवून ती कामाला लागली. दर बोअरच्या पाण्याची आपली एक चव असते. तशी क्षारांचीही एक ठरलेली घडण असते. बाटली बदलली असेल, तर आत कावेरीचं नळाचं पाणी असेल नाहीतर कॅनचं. ती दोन्ही मऊ. गंगम्मा गल्लीचं पाणी इतकं जड, की डाळ शिजता शिजत नाही.

तिने ठेवणीतलं पाणी आणि नवं पाणी शेजारी शेजारी तपासलं. जडपणा तोच. नायट्रेट तेच. क्षार तेच. वेगळी होती फक्त एक गोष्ट: नवं पाणी किंचित आंबट होतं.

म्हणजे बाटली बदललेली नव्हती. पाणी त्याच बोअरचं होतं. लाख शाबूत, बाटली तीच, पाणी तेच. आणि त्यातलं विष मात्र नाहीसं झालं होतं.

३

कारखान्याचे मॅनेजर श्रीवत्स मराठीच. पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडे कर्नाटकात आले, हे ते ओळख होताच सांगत.

"अहल्या मॅडम, तुम्ही आपल्यातल्या, म्हणून स्पष्ट बोलतो. निकाल आमच्या बाजूने आहे असं ऐकतो."

"कोणाकडून?"

श्रीवत्स हसले. "पीण्यात भिंतींना कान नाहीत मॅडम, फोन आहेत."

"पाणी भरताना तुम्ही बाटलीजवळ होता?"

"छे! मालनबाई मला जवळ येऊ देतील? बोअर त्यांच्याच जागेत, मला गेटाशी उभं केलं होतं. चपला घालून बोअरपाशी यायचं नाही म्हणाल्या, गंगा आहे म्हणे. मी सही करायला तेवढा आत गेलो, तेव्हा लाख वाळत आली होती. जवळ तुमचा रघुनंदन होता आणि मालनबाई नि त्यांचे यजमान."

एवढं बोलून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला.

"आम्ही काही धुतल्या तांदळासारखे नाही. पण एक सांगू? आमच्या आवारात आमची स्वतःची बोअर आहे. तिचं पाणी न्या आणि तपासा. गल्ली चढावर आहे, आम्ही उतारावर. आमची घाण चढून वर कशी जाईल?"

आजवर प्रत्येक मॅनेजर हेच म्हणत आला होता. अहल्याने मुकाट्याने बाटली काढली आणि त्यांच्या बोअरचं पाणी भरून घेतलं. टोपण स्वतः लावलं.

निघताना श्रीवत्स म्हणाले, "विष कोणी लपवलं ते शोधताय ना? मग हेही शोधा, की ते लपवून फायदा कोणाचा. आमचा असता, तर आमची बोअर मी तुम्हाला दाखवली असती का?"

गाडीत बसून ती थेट गंगम्मा गल्लीत, मालनबाईंच्या घरी निघाली.

४

"या की अक्का, बसा. उन्हाचं आलात. स्वल्प पाणी घ्या आधी."

मालनबाईंनी पुढे केलेल्या पेल्यात लिंबू पिळलेलं होतं. घर तीनशे वर्षांपूर्वी कर्नाटकात उतरलेल्या मराठ्यांचं. मराठीत कन्नड अशी मिसळलेली, की कुठली कुठे संपते ते त्यांनाही सांगता येऊ नये. मालनबाई बुटक्या, खणखणीत. बोअरला कुलूप लागेपर्यंत गल्लीतल्या बायकांना घेऊन त्यांनी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

"कुलूप लागल्यापासून टँकरचं पाणी, तरी लिंबू हवंच. यांची सवय! कित्येक वर्षं झाली, पाण्यात लिंबू पिळल्याशिवाय मला घोट घेऊ देत नाहीत. माझी भारी काळजी त्यांना." एवढ्या वयातही त्या लाजल्या.

"परवा बाटलीवर लिहायला जागामालकाचं नाव रघुनंदनने तुम्हालाच विचारलं होतं म्हणे."

"विचारलं हो, वेड्या पोरानं! म्हटलं, त्यांनाच विचार. मी कसं नाव घेऊ? आमच्यात बाईनं नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. लग्नातसुद्धा मी उखाणा चुकवला होता."

तेवढ्यात सयाजीअण्णा आले. उंच, वाकलेले, अबोल. हातात लिंबाची अर्धी फोड होती आणि तिने ते बोटं चोळत होते. बोलू लागले की त्यांच्या नाकातून बारीक शिट्टीसारखा आवाज येई.

"नमस्कार अक्का. निकालाचं ऐकलं. पाणी चांगलं निघालं म्हणे?"

"तुम्हाला आनंद झाला?"

"गल्लीचं कुलूप निघेल, एवढंच."

"अण्णा, तुम्ही कधी प्लेटिंगमध्ये काम केलंत?"

"नाही, नाही. जन्मभर लेथ चालवली." शिट्टी पुन्हा वाजली.

अहल्या हात धुवायच्या निमित्ताने मागच्या अंगणात गेली. नळ एका कोपऱ्यात होता आणि कपडे धुवायचा दगड पार दुसऱ्या टोकाला, सिमेंटच्या एका गोल चौथऱ्यावर. तिथे ना मोरी, ना पाण्याचा निचरा.

"हा दगड इतका लांब का, मालनबाई?"

"काय सांगू! लग्न होऊन आले तेव्हापासून तिथेच आहे. बादल्या वाहून वाहून कंबर गेली माझी. किती वेळा म्हटलं, नळाशी आणा, तर हे हातच लावू देत नाहीत. म्हणतात, जड आहे."

अहल्याने पायाने दगड किंचित ढकलून पाहिला. तो सहज हलला.

५

शनिवारी प्रयोगशाळेला सुट्टी असते. अहल्या आणि रघुनंदन, दोघंच होते.

तिने आधी कारखान्याच्या बोअरचं पाणी तपासलं. ते स्वच्छ निघालं. कारखान्याची बाकीची पापं असतील ती असोत. हे पाप त्याचं नव्हतं.

मग तिने सीलबंद बाटलीतल्या उरलेल्या पाण्यावर दुसरी तपासणी केली. क्रोमियमची रूपं दोन. एक विषारी, जे औषधाने जांभळं होतं. दुसरं जवळजवळ निरुपद्रवी, जे त्या औषधाला ओळखच देत नाही. ही दुसरी तपासणी रूप बघत नाही, सगळं क्रोमियम मोजते. कचेरीने ती मागितली नव्हती, म्हणून कोणी केली नव्हती.

सगळं क्रोमियम जिथल्या तिथे होतं. गेल्या महिन्यात जेवढं, तेवढंच. विष बाटलीतून कुठे गेलं नव्हतं, त्याने नुसता वेश बदलला होता.

"वेश कशाने बदलतो, मॅडम?"

"पुष्कळ गोष्टींनी. पण त्या आंबट असतील, घरात सहज मिळतील आणि पाण्याचा रंग बदलू देणार नाहीत, अशा फार नाहीत." ती टोपण भिंगाखाली फिरवत होती. टोपणाच्या आतल्या आट्यांमध्ये एक पांढरट, पारदर्शक कण अडकला होता. लिंबाच्या गराची नखाएवढीही नसलेली पाकळी. "रघुनंदन, आता खरं सांग. बाटली भरताना टोपण कोणाकडे होतं?"

तो रडकुंडीला आला. "एका हातात नळी, एका हातात बाटली. टोपण खाली ठेवायचं नाही, हा तुमचाच नियम. म्हणून मी नेहमी तिथल्याच कोणाला तरी धरायला देतो. ते नियमात बसत नाही, म्हणून बोललो नाही."

"कोणाला दिलंस?"

"अण्णांना. त्यांनी ते मुठीत धरलं. भरून झाल्यावर म्हणाले, तुझे हात ओले आहेत बाळा, मी लावतो."

अहल्याने ते टोपण कागदी पाकिटात घालून बंद केलं. गुन्हेगार सापडला की बरं वाटतं, असं लोक म्हणतात. तिला वाटलं, घरी जाऊन झोपावं आणि हे दुसऱ्या कोणीतरी निस्तरावं.

दुसरं कोणी नव्हतं.

६

रविवारी सकाळी सयाजीअण्णा मागच्या अंगणात एकटेच बसले होते. मालनबाई आत होत्या. अहल्या धुण्याच्या दगडावर टेकली. गुडघे दुखत होते, आणि दगड तिथे होता.

"अण्णा, तुम्ही लेथ नाही चालवलीत," ती हळू आवाजात म्हणाली. "क्रोमच्या हौदावर वर्षानुवर्षं वाफ घेतलेल्या माणसाच्या नाकाचा आतला पडदा झडतो. मग बोलताना शिट्टी वाजते. अशी नाकं मी कामापायी पाहिली आहेत."

त्यांनी बोटं मुठीत मिटली.

"हौदावरचे लोक बोटं लिंबाने चोळतात. पिवळे डाग जातात, जळजळ थांबते. ती सवय तुमची अजून सुटली नाही. लिंबू त्या विषाचं काय करतं, हे म्हणून तुम्हाला माहीत होतं. टोपणात लिंबू दाबलंत, मूठ बंद ठेवलीत आणि स्वतः लावलंत. लाख त्यानंतर चढली. रात्रभर बाटली फ्रिजमध्ये राहिली, आणि सकाळपर्यंत काम झालं."

"आणखी?" ते म्हणाले.

"आणखी हा दगड. धुण्याचा दगड नळापाशी असतो, सगळ्या जगात. हा इथे आहे, कारण याच्याखालचा चौथरा कोणी उघडू नये. खाली काय आहे, अण्णा?"

"आटलेली बोअर," ते अखेर म्हणाले. "लग्नाआधीची गोष्ट. इथे पत्र्याची शेड होती, मी आणि एक भागीदार. नळाच्या तोट्यांना क्रोम चढवायचो. हौद खराब झाला की ते पाणी टाकायचं कुठे? बोअर कोरडी होती. म्हटलं, जमिनीच्या पोटात जाईल, कोणाला दिसतंय. पुढे शेड मोडली, घर बांधलं, विसरलो. खरंच विसरलो होतो, अक्का. मग एका उन्हाळ्यात गल्लीच्या बोअरची पातळी खाली गेली आणि पाणी पिवळसर आलं. मी बघताक्षणी ओळखलं."

"आणि घरात लिंबू सुरू केलंत."

"हो."

"बाकीच्या घरांत कोण पिळत होतं?"

"सांगायचो सगळ्यांना. पाण्यात लिंबू पिळत जा, तब्येतीला बरं. कोणी ऐकायचं, कोणी हसायचं."

"का पिळायचं, ते सांगितलं असतं तर कोणी हसलं नसतं."

"तिला कळलं असतं." त्यांनी घराकडे पाहिलं. "कचेरीचे लोक गल्ली खणणार होते. चौथरा फुटला असता. सगळ्या गल्लीला घेऊन ती ज्याच्याविरुद्ध भांडत होती, तो तिच्याच शेजारी उभा होता. कसं सांगणार होतो?"

"उद्या कुलूप निघालं असतं. लोक पुन्हा प्याले असते, अण्णा. लहान लेकरं प्याली असती."

"कावेरीची लाइन येणार म्हणतात..." ते म्हणाले, आणि आपलंच बोलणं ऐकून थांबले.

मागे भांडं वाजलं. स्वयंपाकघराच्या दारात मालनबाई उभ्या होत्या. हातात ताट, ताटात लिंबूपाण्याचे तीन पेले. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

त्या ओरडल्या नाहीत. पायऱ्या उतरल्या, ताट अहल्याशेजारी दगडावर ठेवलं आणि नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "मला वाटायचं, ही माया आहे."

"मायाच होती गं."

"पलीकडची लेकरं माझ्याच अंगणात खेळायची. त्यांना तहान लागली की मी त्यांच्या आयांकडे पिटाळायची. म्हणायची, घरी जाऊन पाणी प्या." त्यांनी एकेक पेला उचलला आणि अंगणात ओतला. "अक्का, सुनावणी किती वाजता आहे?"

७

सोमवारी कचेरीत गर्दी होती. गल्लीतल्या बायका एका बाजूला, श्रीवत्स दुसऱ्या. अहल्याने निकाल वाचला: पाण्यात क्रोमियम आहे, पहिल्याइतकंच आहे, आणि नमुन्यात लिंबू मिसळलेलं आहे. कुलूप काढू नये. टोपण दुसऱ्याच्या हाती देण्याची चूक आमच्या प्रयोगशाळेची, हेही तिनेच सांगितलं. रघुनंदन खाली मान घालून उभा होता, पण उभा होता.

बायकांमध्ये गलका झाला. कोणीतरी श्रीवत्सकडे बोट दाखवलं. तेव्हा मालनबाई उठल्या.

"साहेब, तक्रार माझी आहे. त्यात कारखान्याचं नाव आहे, ते खोडा."

अधिकारी गोंधळले. "मग तक्रार कोणाविरुद्ध?"

"जागामालकाविरुद्ध. विष आमच्या अंगणातून येतंय. दगडाखाली जुनी बोअर आहे. उद्या या आणि खणा."

गलका थांबला. सयाजीअण्णा भिंतीशी उभे होते. अहल्याने त्यांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं, की तुम्ही स्वतः बोललात तर बरं. ते बोलायला आले होते. पाय पुढे पडत नव्हता.

"जागामालकाचं नाव सांगा," अधिकारी म्हणाले.

रघुनंदन सवयीने पुढे सरकला, की नाव आपण सांगावं. मालनबाईंनी हाताने त्याला मागे थांबवलं. पदर डोक्यावरून नीट घेतला. गळ्यातलं मंगळसूत्र एकदा मुठीत धरलं आणि सोडून दिलं.

"सयाजी," त्या म्हणाल्या. आवाज फुटला, म्हणून त्यांनी तो सावरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं, "सयाजी."

"ओ," भिंतीपासून अण्णा म्हणाले, आणि पुढे आले.